रात्रपाळीच्या काळजीवाहूंस

प्रति,
समस्त काळजीवाहू मंडळी
(सोसायटीचे सेक्रेटरी, समोरच्या विंगमधल्या काकू, गावाकडचे चुलते आणि 'मुलगी रात्रपाळी सोडेल ना?' असं विचारणारे वरपक्ष, सर्वांना एकत्रच)



मी नर्स. रात्री डबा घेऊन निघते, सकाळी परतते. मधल्या वेळात मी काय करते, याची माझ्याहून तपशीलवार माहिती आपल्याकडे असते. माझ्या समजुतीप्रमाणे मी सलाईन बदलते.

आपली परंपरा थोर आहे. १९४८च्या कारखाने कायद्यानं बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा दिली होती. २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा तिथल्या सरकारनं फर्मान काढलं: शक्य तिथं बायकांना रात्रपाळी नको. साप निघाला की घरातल्या बाईलाच टोपलीखाली झाकायचं! सुप्रीम कोर्टानं कान उपटले म्हणून, नाहीतर केवढी सोय होती.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबागची तर रात्रपाळीही नव्हती. १९७३ साली ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर तिथलाच सफाई कामगार. त्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. ती २०१५ साली गेली, तोवर खाटेवरच होती. एवढी वर्षं तिला सांभाळलं ते तिथल्या नर्सेसनी, पाळ्या लावून. त्या पाळ्यांत रात्र होतीच.

बी विंगमधली कॉल सेंटरवाली पोरगी आपल्याला ठाऊक असेलच. २०१७च्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर तिला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोयही हवी. कंपनी सोडते. गाडी थांबली की आपल्याकडचा पडदा हलतो, आणि सकाळी जिन्यात ऐकू येतं, 'रोज वेगळाच ड्रायव्हर.' बिचारी आता गाडी कोपऱ्यावर थांबवून तिथून अंधारात चालत येते. आपल्या काळजीला यश आलं.

एक शंका मात्र आहे. उसाच्या फडात अपरात्री ट्रॅक्टर आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढणारी बीडची बाई आपल्या यादीत का नाही? मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल नवऱ्याच्या हातात. तिथं रात्र चालते. पहाटेच्या काळोखात मासळीसाठी भाऊचा धक्का गाठणाऱ्या कोळणीलाही कुणी अडवल्याचं ऐकलं नाही. पगार स्वतःच्या खात्यात पडू लागला की मगच अंधार वाढतो, असं काही आहे का? जाणकारांनी कळवावं.

बाकी क्षेम.

आपली,
तिसरा मजला, डावीकडचं दार

ता. क. गल्लीच्या तोंडाचा दिवा कधीचा बंद आहे. वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जावर सह्या हव्यात. घेऊन आले होते. आपण झोपला आहात असं आतून सांगण्यात आलं. संध्याकाळचे सात वाजले होते. अर्ज वॉचमनकडे ठेवलाय, पेनसुद्धा.