पॉइंट अठरा

तुमच्याही इमारतीत तो असणारच. अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करणारा. आपण त्याला सोयीसाठी अर्जदार म्हणू. कॉम्प्युटरवाले अर्जदार निरुपद्रवी असतात, दार लावून बसतात आणि ऑगस्टात एकदम विमानतळावरच्या फोटोत दिसतात. आमच्या नशिबी आलेला अर्जदार मानसशास्त्रातला, तेही इंडस्ट्रियल अँड ऑर्गनायझेशनल सायकॉलॉजीतला. तो म्हणतो 'आय-ओ'. माणसं कामावर कशी निवडावीत, निवडल्यावर ती टिकतात का, का कंटाळतात, याचं शास्त्र. असला माणूस दार लावून बसत नाही. तो लिफ्टमध्ये गाठतो.

त्याच्याजवळ एक तक्ता आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं की उमेदवार निवडण्याच्या कुठल्या पद्धतीवरून तो पुढे कसं काम करील याचा किती अंदाज येतो. एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं. तिथल्या तज्ज्ञांनी हा तक्ता अभ्यासला असेल. आमच्या सोसायटीने तो सोसला आहे.

सोसायटीच्या सभेत मी सहज म्हणालो, "आयुष्यभर बँकेत काढलंय, माणूस बघितला की कळतो मला. शेवटी अनुभव आहे."

"अनुभवाची वर्षं," मागून आवाज आला, "पॉइंट अठरा, काका."

सभेत हशा पिकला. आमचे अध्यक्ष जरा जास्तच हसले, म्हणून त्यांना लगेच प्रसाद मिळाला. ते म्हणाले होते, "वयाचा काही मान?" अर्जदाराने शांतपणे सांगितलं, "वय: उणे पॉइंट शून्य एक." अध्यक्ष पंच्याहत्तरीचे आहेत. 'उणे' हा शब्द त्यांना अजून पचलेला नाही.

तेव्हापासून ही साथ पसरली. बायको भाजीवाल्याची जुडी परत करताना "पॉइंट शून्य दोन" म्हणायला लागली. शून्य दोन हा हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा गुण आहे, पण आमच्याकडे तो आता कुंडलीपासून मेथीपर्यंत कशालाही लागतो.

त्याच्या ताईला बघायला मंडळी आली तेव्हाची हकिगत तर सगळ्या विंगला पाठ आहे. पोह्यांच्या बशा फिरत होत्या, मुलाची आई "स्वयंपाकाची आवड आहे ना?" असं विचारत होती आणि हा कोपऱ्यातून म्हणाला, "ही असंरचित मुलाखत झाली. पॉइंट अडतीस. त्यापेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना घ्या, पॉइंट चोपन्न. पोहे मुलाला करू द्या." त्याच्या आईने त्याला दही आणायला पिटाळलं. घरात दही होतं. त्या मुलाला मात्र हसू आवरेना, आणि ताईने त्यालाच होकार दिला. अर्जदार आजही ही आपल्या शास्त्राची पहिली यशस्वी अंमलबजावणी मानतो.

त्याला चिडवायचा एकच मार्ग आहे. "म्हणजे एचआरच ना रे?" एवढं म्हणायचं. मग ह्यूगो म्युन्स्टरबर्ग येतो. जर्मनीहून हार्वर्डला गेलेला हा माणूस ट्रामचे चालक निवडण्यासाठी चाचण्या करत होता आणि १९१३ साली त्याने 'सायकॉलॉजी अँड इंडस्ट्रियल एफिशिअन्सी' हे पुस्तक काढलं. मग पहिलं महायुद्ध येतं, अमेरिकी सैन्यातल्या रंगरुटांच्या बुद्धिमापन चाचण्या येतात. मग आपल्याकडचे नरेंद्रनाथ सेनगुप्ता येतात, जे हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडेच शिकले आणि ज्यांनी १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा केला. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर आमचे अध्यक्ष पुन्हा विचारतात, "हो, पण म्हणजे एचआरच ना?" वयाचा सूड ते असा घेतात.

त्याचे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. मोजक्या बोलण्याचा माणूस. मुलाने त्यांना सांगितलं की अमेरिकेच्या कामगार खात्याने २०१२ ते २०२२ या दशकात सगळ्यात झपाट्याने वाढणारा व्यवसाय म्हणून याच व्यवसायाचं नाव घेतलं होतं, त्रेपन्न टक्के वाढीचा अंदाज! स्टोअर्सच्या माणसाने विचारलं, "त्रेपन्न टक्के कशाचे?" तर मूळ संख्या होती सोळाशे, ती अडीच हजारावर जाणार होती. "म्हणजे नऊशे," वडील म्हणाले. "आमच्या एका शिफ्टला याहून जास्त माणसं गेटातून आत यायची." आणि चहाचा कप घेऊन ते गॅलरीत गेले. फॉर्मचे पैसे मात्र त्यांनीच भरले, एकेका अर्जाचे साठ-सत्तर डॉलर. रुपयांत किती होतात ते त्यांनी मुलाला विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

अर्ज हे प्रकरणच अफाट. पीएचडीला घेतलं तर बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन, म्हणून जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मास्टर्सला जागा अधिक, पण खिसा आपला. मिशिगन स्टेट, मिनेसोटा, ॲक्रन, बोलिंग ग्रीन. या शेवटच्या नावावरून मामांनी हा क्रिकेट शिकायला चाललाय अशी बातमी सांगलीपर्यंत पोचवली. प्राध्यापकांना आधी ईमेल करायचे की 'यंदा तुम्ही विद्यार्थी घेणार का?' आणि मग इनबॉक्सकडे बघत बसायचं. पीएचडीच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीला. तिथे पूर्वेकडे रात्रीचे ११:५९ होतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०:२९ झालेले असतात. त्यामुळे त्याची मध्यरात्र आमच्या कचरागाडीच्या गाण्यावर उलटायची.

याच धामधुमीत सोसायटीला वॉचमन हवा होता. आमची आजवरची पद्धत साधी: "गाव कुठलं?" असं विचारायचं. ज्याच्या तालुक्यातला निघेल त्या सभासदाने त्याची बाजू घ्यायची. अर्जदाराने गाव विचारायलाच बंदी घातली. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, आणि गुण देईपर्यंत एकमेकांकडे बघायचं नाही. एक प्रश्न असा: रात्री दोनला वरच्या मजल्यावरून जिन्यात पाणी येतंय, मालक दार उघडत नाही, काय कराल? भरघोस मिशीचा, छाती काढून उभा राहिलेला उमेदवार म्हणाला, "दार तोडीन!" कमिटी खूश. नंतरचा किरकोळ, बोलताना अडखळणारा. तो म्हणाला, "आधी ग-गच्चीवर जाऊन त्या लाइनचा कॉक बंद करीन. मग बेल वाजवीन." बेरीज केली तर हाच पहिला. मनातून आम्हा सगळ्यांना मिशी हवी होती, पण आकडे आमच्याच अक्षरात होते. तो किरकोळ माणूस अजून आमच्याकडे आहे आणि पंप कधी जळलेला नाही. हे मी अर्जदारासमोर कबूल केलेलं नाही, करणारही नाही.

आता यातली खोच बघा. माणसं कशी निवडावीत याचं ज्यांनी शास्त्र केलं, ते आपले विद्यार्थी कसे निवडतात? स्वतःविषयी एक निबंध आणि तीन शिफारसपत्रं. शिफारशीचा गुण त्याच तक्त्यात पॉइंट सव्वीस आहे. एका रात्री साडेदहाला त्याची व्हिडिओवर मुलाखत झाली. तिकडच्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुझ्याविषयी काहीतरी सांग," आणि मग पुण्याच्या हवेची चौकशी केली. पॉइंट अडतीस! पण अर्जदार गप्प बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आकडा गिळला त्याने. पीएचडीचे नकार एकामागून एक आले, एका ठिकाणी प्रतीक्षायादी. मास्टर्सला एक होकार आहे, बिनपैशांचा. विद्यावेतनाच्या जागांवर उत्तर द्यायला विद्यार्थ्यांना १५ एप्रिलपर्यंत मुभा असते. कुणी नकार दिला तर यादी पुढे सरकते. तो वाट बघतोय.

मध्यंतरी लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "काका, २०२२ साली तो तक्ता सुधारून आलाय. अनुभव आता पॉइंट शून्य सात." माझी आणखी घसरण सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, त्यामुळे मीही फारसं मनावर घेतलं नाही.

शिफारसपत्रांचं तेवढं मनावर घेतलंय. तीनपैकी दोन सरांनी त्याला नेहमीप्रमाणे सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." पत्राबरोबर एक तक्ता असतो: हा विद्यार्थी तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत कुठे बसतो? वरच्या पाच टक्क्यांत, दहा की पंचवीस? इतर सगळी मुलं डोळे मिटून पाच टक्क्यांवर खूण करतात. हा मसुदा घेऊन माझ्याकडे आला होता, कारण त्याला 'चिकाटी'साठी जरा सौम्य शब्द हवा होता. मी म्हटलं, "अरे, पाच टक्के लिही!" तर म्हणतो, "सगळेच पाच टक्क्यांत कसे असतील, काका?"

तेव्हा सर, मॅडम, तुमच्यापैकी कुणाकडे असा अर्जदार पत्र मागायला आला तर कृपा करून ते स्वतः लिहा, चार ओळींचं का होईना. आमच्याने स्वतःला पंचवीस टक्क्यांत बसवलं आहे.