समजलं मराठीत, गुण इंग्रजीत

आपल्या विद्यापीठांत बहुभाषिकता अगदी मनापासून जपली जाते, दरवर्षी 27 फेब्रुवारीला. त्या दिवशी कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार पडतो, विद्यार्थिनींना नऊवारी नेसावी लागते आणि प्राचार्यांना मराठी बोलावं लागतं. 28 तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असल्यामुळे पुन्हा इंग्रजी सुरू होते. 2021पासून जेईई मेन मराठीसह 13 भाषांत देता येते. म्हणजे प्रवेशापुरती मराठी चालते. एकदा आत गेलं की देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी ती फाटकाशी काढून ठेवायची. प्रत्यक्षात ती कुणीच काढत नाही, सरसुद्धा नाही. एन्ट्रॉपीची इंग्रजी व्याख्या फळ्यावर उतरते, वर्ग ती मुकाट वहीत घेतो, मग सर खडू ठेवून म्हणतात, ‘आता सोप्या भाषेत सांगतो.’ शिकवणं सुरू होतं ते तिथून. पण मूल्यांकनासाठी नॅकपुढे जाणाऱ्या फायलीत त्या दहा मिनिटांना जागा नाही. परीक्षेत गाइडातले परिच्छेद स्वल्पविरामासकट उतरवणाऱ्याला गुण मिळतात. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक ‘एक्स्प्लेन’ म्हणाले, की मुलगा चपलांकडे बघतो आणि ‘कन्सेप्ट क्लिअर नाही’ असा शेरा पडतो. कन्सेप्ट पुष्कळदा क्लिअर असतो, अडलेलं असतं ते वाक्य.

मग उत्तरंही मराठीत लिहू द्यावीत असं म्हटलं, की पहिला आक्षेप नोकरीचा. इंग्रजी येत नसेल तर कोणती कंपनी घेईल? प्रश्न रास्त आहे, म्हणून तर विचारावंसं वाटतं की विद्यापीठ इंग्रजी शिकवतं कधी? थर्मोडायनॅमिक्स इंग्रजीत ऐकवलं की इंग्रजी आपोआप अंगी मुरेल, हा समज आहे. त्यातून ना धड इंग्रजी येतं, ना थर्मोडायनॅमिक्स. दुसरा आक्षेप परिभाषेचा. तिथे कुणाचाच हट्ट नाही: टॉर्कला टॉर्क म्हणावं आणि तो का लागतो हे मराठीत लिहू द्यावं, वर्गात सांगितलं तसंच. उरला प्रश्न तपासणार कोण, हा. ज्यांनी ते मराठीत समजावलं, त्यांना ते मराठीत वाचताही येत असावं! माध्यम इंग्रजी असलं तरी उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्या, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2023मध्येच विद्यापीठांना सुचवलं होतं. अशा सूचनेचं काय करायचं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. समिती नेमायची.

अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो सहसा कुणी घेत नाही. नंदुरबारच्या धडगावहून आलेल्या मुलाच्या घरी पावरी बोलतात, गडचिरोलीच्या मुलीच्या घरी माडिया. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच आधी ओलांडलेली एक भिंत असते. म्हणून इंग्रजीची गादी मराठीला देऊन, ‘मराठी माध्यमाची तुकडी’ वेगळ्या वर्गात बसवून हा प्रश्न सुटत नाही; तो फक्त वेगळ्या वर्गात बसतो. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापावी, उत्तरात भाषा मिसळू द्यावी, व्हायवात मुलाला हवं तिथे भाषा बदलू द्यावी, एवढं तर नव्या इमारतीशिवायही जमेल. शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरात कापावेत, पदार्थविज्ञानाच्या नव्हे. नंदुरबार ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतं, त्याला 2018मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या, म्हणून राहिल्या. त्यांची खानदेशी बोली अभ्यासायला चालते, तिच्यावर प्रबंध लिहायलाही चालते. तिच्यात उत्तर लिहिलं, तर मात्र लाल रेघ ठरलेली.