हंगाम : बारमाही

भाटघरला आज किती पाणी आहे, हे भोरच्या एसटी स्टँडवर विचारा नाहीतर थेट सांगोल्यात जाऊन विचारा, उत्तर टक्क्यांतच येतं. वेळवंडी नदीवरच्या या धरणात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं आणि त्यावर दोन-तीन जिल्ह्यांचा डोळा असतो. नीरा खोऱ्यातल्या पाण्यात कुणाचा किती वाटा, यावर 2019 साली एका सरकारने एक निर्णय घेतला. 2020 साली पुढच्या सरकारने तो फिरवून डाव्या कालव्याला 55 आणि उजव्याला 45 टक्के अशी वाटणी केली. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवाज चढले नाहीत, तर बैठक झाली असं कुणी मानत नाही.

अशा हिशेबी मुलखात उद्या एखादं डेटा सेंटर पाणी मागायला आलं तर?

भाटघरच्या काठी अजून तसा नारळ फुटलेला नाही. पण पुण्यात मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं 2015 पासून चालू आहेत, आणि 2024 मध्ये कंपनीने हिंजवडीत 16 एकरांहून जास्त जमीन 520 कोटींना घेतली. हिंजवडीचा भाव ऐकून भोर-वेल्ह्याचे एजंट रात्रभर नकाशे उलगडून बसले असतील. वेल्ह्याचं तर नावही आता राजगड झालंय, माहितीपत्रकावर शोभून दिसेल.

तर समजा कंपनीचा साहेब पाटबंधाऱ्याच्या शाखेत आला. उद्योगांना पाणी देण्याची रीत वेगळी असते, पण पाटकऱ्याने सवयीने सात नंबरचा फॉर्म पुढे केला.

‘‘पीक?’’

‘‘माहिती.’’

‘‘हंगाम?’’

‘‘बारमाही. चोवीस तास.’’

‘‘म्हणजे ऊसच की!’’

साहेबाने समजावलं, सर्व्हर तापतात, ते गार ठेवायला पाणी लागतं. कूलिंग टॉवरमध्ये त्यातल्या बऱ्याचशा पाण्याची वाफ होते. पाणीही स्वच्छच हवं, क्षाराचं असलं तर यंत्रणेत पापुद्रे धरतात. पाटकरी विचारात पडला. उसाला सोडलेल्या पाण्यातलं थोडं तरी झिरपून शेजारच्या विहिरीत उतरतं. हे सरळ वर जाणार. शिवाय ही तहान उन्हाळ्यात वाढते. उन्हाळ्यात इकडे धरणाचं पाणी उतरून कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि धरणाच्याच तालुक्यातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. टँकरचं पाणी गाळून घ्यावं लागतं, ही तक्रार त्या वाड्यांनी आजवर पापुद्र्यांच्या भाषेत मांडली नव्हती, एवढाच त्यांचा दोष.

‘‘आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक असतं,’’ साहेब म्हणाला. पाटकऱ्याने खिडकीतून धरणाकडे बोट दाखवलं. पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे, जवळपास शंभर वर्षांचे. पाणी चढलं की आपोआप उघडतात. पासवर्ड लागत नाही.

‘‘बरं, पाणी किती टाकू?’’

इथे साहेब गप्प झाला. आकडा गोपनीय होता. साऱ्या जगाची बिलं, फोटो आणि चॅट सांभाळणारा माणूस स्वतःचं पाण्याचं बिल मात्र दाखवेना. ही काही भोरची थट्टा नव्हे. अमेरिकेतल्या द डॅल्स गावाने गूगलच्या पाण्याचा आकडा लपवण्यासाठी चक्क एका वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं होतं. 2022 च्या अखेरीस माघार घ्यावी लागली आणि आकडा बाहेर आला : 2021 मध्ये सुमारे 134 कोटी लिटर, गावाच्या एकूण वापराच्या पाव हिश्श्याहून जास्त.

आता बारामतीच्या ऊसवाल्याला यात हसू येणार, आणि त्याचं फारसं चुकतही नाही. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरहून जास्त पाणी जातं असं सरकारी कृषी खर्च व किंमत आयोगच सांगतो. गूगलच्या जगभरच्या डेटा सेंटरांनी 2023 मध्ये वापरलेलं पाणी एक टीएमसीसुद्धा भरत नाही. त्या दराने एकटं भाटघर त्यांना अठ्ठावीस वर्षं पोसेल. पण सरासरी पृथ्वीभर पसरलेली असते आणि पाइप एकाच गावात येतो. द डॅल्सला जगाच्या सरासरीचा काय उपयोग झाला?

ऊसवाल्याचं पाणी निदान दिसतं. पाट फुटला तर शेजारी बांधावर येऊन भांडतो. वाफेशी कुणी भांडावं? 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतरचा मान उद्योगाला होता. 2011 मध्ये तो शेतीला परत मिळाला. हे परत मिळवायला आठ वर्षं लागली, आणि तेव्हा समोरचे कारखाने निदान धूर सोडत होते, लांबून ओळखू यायचे.

फॉर्म जवळजवळ भरून झाला. पाटकऱ्याने सांडपाणी शुद्ध करून वापरा असंही सुचवलं, नवी मुंबईत महापालिका तसं पाणी कारखान्यांना देतेच. साहेबाने ते टिपून घेतलं आणि विषय बदलला. 2030 पर्यंत आम्ही वापरतो त्याहून जास्त पाणी परत करू, तसं आमच्या कंपनीचं वचनच आहे, तो म्हणाला.

पाटकऱ्याने थकबाकीच्या रकान्यात ‘2030’ लिहिलं, आणि पुढच्या तारखेचा चेक चालतो का ते शाखा अभियंत्याला विचारून सांगतो म्हणाला.