सोवळ्यातली गाडी

वहिनी, आहात का परसात? या जरा गडग्याशी. हळूच बोलते, भाऊंच्या खिडक्या उघड्या आहेत. तुम्ही मिरच्या निवडा की, हात कशाला थांबवताय.

भाऊंच्या मुलाची नवी गाडी बघितलीत ना, पांढरी? ती शोरूममधून घरी आणलीच नाही त्यानं. परस्पर आंबा घाट चढून कोल्हापूरला नेली, सिरॅमिक कोटिंग करायला. 32,000 रुपये! नुसत्या वरच्या चकाकीचे. त्याच्या आजीला, आक्कांना, कोणी काही बोललंच नव्हतं. त्या आपल्या भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या.

आली एकदाची दसऱ्याला सकाळी. आक्का कुंकवाची वाटी घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला वाकल्या, तर नातू ओरडला, "आजी, हात लावू नकोस!" सात दिवस म्हणे धुवायची नाही, पुसायची नाही, आणि पहिला दिवस तर पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये. आक्का म्हणाल्या, "माझ्या सोवळ्याला आयुष्यभर हसलात, आणि आता तुमची गाडी सोवळ्यात?" शेवटी स्वस्तिक पुढच्या काचेवर निघालं, हार आतल्या आरशाला बांधला, लिंबं मात्र चाकांखाली ठेवू दिली, कारण रबराला कोटिंग नाही! नारळ फोडला तो पार तुळशीपाशी, पाणी उडेल म्हणून. आणि दुपारी परतीचा पाऊस. तो ताडपत्री घेऊन धावला, पण ताडपत्री घासली तर ओरखडे येतील म्हणून ती हातात धरून तसाच भिजत उभा. मी खिडकीतूनच हसले हो, बाहेर नाही आले.

संध्याकाळी माझा भाचा आला सोनं द्यायला. तो चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये आहे. त्याला विचारलं, हे सिरॅमिक म्हणजे बरणीसारखं भट्टीत भाजतात की काय? नाही हो. छोट्या बाटलीत द्रव असतो, सिलिकाचा, म्हणजे काच ज्याची करतात त्या कुळातला. मऊ कापडावर चार थेंब घ्यायचे, हातानं पत्र्यावर फिरवायचे, तेलकट सप्तरंगी झाक आली की दुसऱ्या कापडानं पुसून काढायचं. जे राहतं ते हवेतला ओलावा घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून ते सात दिवसांचं सोवळं.

आणि राहतं किती? ते ऐका. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी टाकीत बुडवून वीज सोडून एक थर देतात, गंज धरू नये म्हणून. त्यावर प्रायमर, मग रंग, मग वरून क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे आपल्या दोन केसांइतकंही नाही. आणि हे कोटिंग? एक-दोन मायक्रॉन. भाऊंचा मुलगा मला सांगत होता, 9एच कडकपणा आहे काकू, हिऱ्याच्या खालोखाल. भाचा हसला. ते 9एच म्हणजे पेन्सिलीचा नंबर! ड्रॉइंगच्या नाही का, एचबी, टूएच, तशातली नऊ एच. ती पेन्सिल दाबून पुढे ढकलली आणि ओरखडा उठला नाही की कोटिंग पास. हातखंब्याच्या वळणावर पुढच्या ट्रकमधून खडी उडाली तर तिला पेन्सिलीचं काय? खडी अडवायची तर पीपीएफ लावतात, जाड पारदर्शक फिल्म, 150-200 मायक्रॉनची. तिचा आकडा विचारलात तर तुमच्या हातातली मिरची खाली पडेल.

नाही, अगदीच फुकट नाही हं ते कोटिंग. मी उगाच नावं ठेवत नाही. पाणी त्यावर टिकत नाही, घरंगळून जातं, त्याबरोबर चिखलही सुटतो. आपल्याकडची तांबडी माती, समुद्राची खारी हवा, यात धुणं सोपं होतं हे खरं. पण खारी हवा पत्रा खाते ती खालून आणि दारांच्या सांध्यांतून, तिथे ही बाटली पोचतच नाही. आणि पाणी घरंगळतं, पण थेंब उन्हात जागच्या जागी वाळला तर क्षारांचा गोल डाग उठतो. बोअरच्या पाण्यानं धुऊन तशीच उन्हात ठेवली की झालं.

माझं म्हणणं ऐका, गाडीचा खरा शत्रू म्हणजे तो सकाळी येणारा पोरगा. एक बादली, एक फडका आणि आळीतल्या सगळ्या गाड्या. जांभ्याची धूळ कोरडीच पुसतो मेला! आधी पाणी मारून धूळ उतरवायची, मग शाम्पू, फडका पिळायची बादली वेगळी, कापड मायक्रोफायबरचं. हे जो करेल त्याची गाडी बिनकोटिंगची पण नवी राहील. शोरूममध्ये तरी काय वेगळं? ताबा द्यायच्या दिवशी चकचकीत दिसावी म्हणून तिथली पोरंच खसाखसा पुसतात. मग कोल्हापूरवाला ते ओरखडे दाखवणार आणि कोऱ्या गाडीला आधी पॉलिश मारणार. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून काढणंच की. भाचा म्हणाला, कोटिंग करायचंच असेल तर शोरूमवाल्याला आधीच सांगावं, बाबा, धुऊ नकोस, तशीच दे.

आमच्या पहिल्या गाडीला नाही का शोरूमवाल्यानं टेफ्लॉन कोटिंग गळ्यात मारलं होतं? हे किती खूश! आता भाचा सांगतो, टेफ्लॉन वितळतं 327 अंशांना. तव्यावर ते भट्टीत बसवतात. अंगणात फडक्यानं चोळून ते पत्र्याला कसं धरणार? ह्यांना मी सांगितलं नाही अजून. राहू दे बिचाऱ्यांचं समाधान.

आता मुद्द्याचं बोलते. काल भाऊंचा मुलगा आला आणि म्हणतो, काकू, तुमच्या कलमाची आमच्याकडे येणारी फांदी छाटू का? मी म्हटलं, का रे बाबा? तर मोहर आला की तुडतुडे येतात, त्यांचा चिकटा गाडीवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. शिवाय पाखरं. पाखरांच्या विष्ठेत आम्ल असतं, उन्हात रंग खातं. मी म्हटलं, हे सगळं खरं, मग त्या 32,000 चं काय? तर वॉरंटीचा कागद दाखवला. पाच वर्षांची आहे, पण दर वर्षी पैसे भरून कोल्हापूरला दाखवायची, आणि पाखरं, झाडाचा चीक, खडी, पाण्याचे डाग यांतलं काहीच त्यात धरत नाहीत. मग वहिनी, उरलं काय हो? पण हे त्याच्या तोंडावर बोलले नाही. पोरगा गुणी आहे, दुखवू कशाला.

फांदीला मात्र नाही म्हटलं. ऐन मोहराच्या तोंडावर कोणी कलम छाटतं का? आंबा उतरला की जूनआधी बघू. तोवर गाडी चार हात पलीकडे लाव, नाहीतर पत्र्याची शेड घाल, पाखरंही गेली आणि ऊनही गेलं. चिकटा पडलाच तर त्याच दिवशी भरपूर पाण्यानं धू, वाळू देऊ नकोस. मान डोलावून गेला, पण तोंड एवढंसं झालं होतं.

आणि त्या फांदीचे आंबे पडतात कुठे? त्यांच्याच अंगणात. गेल्या मेमध्ये आक्कांनी मला वाटीभर आमरस पाठवला होता, वर निरोप, "आमच्याकडचा हापूस आहे, चव बघा." मी वाटीत साखर घालून परत दिली, दुसरं काय करणार!