व्हीपीनं आलेलं पार्सल

आमच्या गल्लीतला एक मुलगा पुण्याला, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट झाला. दर्यापुरात ही बातमी आली तेव्हा पोस्टातून निवृत्त झालेल्या आमच्या आबाजींनी विचारलं, "व्हीपी झाला म्हंजे काय झाला?" त्यांच्या लेखी व्ही. पी. म्हणजे पैसे भरून सोडवायचं पार्सल. गेल्या दिवाळीत तो राजीनामा देऊन, बायको-पोरांना पुण्यातच ठेवून एकटा घरी आला. आबाजींनी तेव्हाच निकाल देऊन टाकला: "सोडवाले कोनी आलं नसन. मंग पार्सल वापस येते."

तेव्हापासून त्याला सारं गाव व्हीपी म्हणतं. त्याला वाटतं, हुद्द्याचा मान आहे.

नोकरी सोडलेली माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. कोणी साहेबाशी भांडतो, कोणाचा हिशेब चुकतो, कोणाला घरची तूर खुणावते. व्हीपीचं तसं काही नाही. "मी कंपनी सोडली नाही, कंपनीनं तिचं कल्चर सोडलं," असं तो म्हणतो. हे वाक्य तो इतक्या शांतपणे बोलतो, की त्याची बरीच तालीम झालेली असावी.

जाताना त्यानं सगळ्या कंपनीला निरोपाचं पत्र लिहिलं होतं. ते मोबाइलमध्ये आहे आणि बसस्टँडसमोरच्या टपरीवर त्याची पारायणं होतात. सुरुवातीला आभार, मधे कोणाचंही नाव न घेता सगळ्यांची खरडपट्टी, शेवटी 'संपर्कात राहू'. त्यातला काळजाला हात घालणारा भाग असा: जुने साहेब सकाळी विचारायचे, 'घरी सगळं बरं ना?' आणि नवे साहेब विचारतात, 'स्टेटस काय?' इथे व्हीपीचा आवाज हमखास भरून येतो. 'प्रवास' हा शब्द मात्र पत्रात सात वेळा आहे. टपरीवाल्यानं एकदा न राहवून विचारलं, "पन भाऊ, तुमी जाऊन कुठी राह्यले होते?"

"आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब होतं," हे त्याचं दुसरं पालुपद. त्यावर टपरीवरचे लोक एकमेकांकडे बघतात. आमच्या तालुक्यात कुटुंब म्हटलं की धुऱ्याचं भांडण, वाटणीपत्रं आणि चुलतभावाची कोर्टातली तारीख आठवते. तसं असेल तर कंपनी खरंच कुटुंब असणार, याबद्दल कोणाला शंका उरत नाही.

दाखल्यासाठी तो इन्फोसिस काढतो. 1981 साली पुण्यात सुधा मूर्तींनी नवऱ्याला, नारायण मूर्तींना, दिलेल्या दहा हजार रुपयांवर उभी राहिलेली कंपनी. तिथे 2014 साली विशाल सिक्का बाहेरून येऊन प्रमुख झाले, पगारांवरून आणि कारभाराच्या रीतींवरून नारायण मूर्तींनी जाहीर नाराजी दाखवली, आणि ऑगस्ट 2017 मध्ये सिक्कांनी राजीनामा दिला. "एवढ्या मोठ्या कंपनीतसुद्धा शेवटी वाद कल्चरचाच!" असं एकदा घरी म्हणून व्हीपी थांबला. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "पैसे बायकोचे, अन् कल्चर नवऱ्याचं काय रे?"

काकांचं मत वेगळं. त्यांचं वावर खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांमधून गेलेल्या त्या पट्ट्यात. ते म्हणाले, "आपल्या जमिनीले वरून पाहा, कायीभोर, लोण्यावानी. खाली पानी हाये, पन खारं. पिकाले पाजलं का वावर खराब. तुह्या कंपनीचंबी तसंच झालं म्हन." व्हीपीनं हे लगेच वहीत टिपलं. पुण्यात असता तर त्यावर दोन दिवसांचं शिबिर घेतलं असतं.

संध्याकाळी तो 'वॉकिंग मीटिंग'ला निघतो. त्यासाठी त्यानं शकुंतलेचे रूळ निवडलेत. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी, किलिक निक्सन कंपनीची ती इंग्रजांच्या वेळची गाडी. गाडी बंद पडली, रूळ राहिले. चालता चालता व्हीपी सांगतो, "संस्थेत लहान-मोठा भेद नसावा, सगळे एका पातळीवर." पण रूळ अडीच फुटांचे, दोघांना शेजारी चालता येत नाही. म्हणून तो पुढे असतो आणि मी मागे.

दिवाळीनंतर त्यानं घरची शेतीही हाती घेतली. सकाळी सातला गोठ्यासमोर उभ्यानं बैठक. हजर: व्हीपी, सालदार आणि दोन बैल. बैलांना उभ्याचं कौतुक नव्हतं. सालदार अकरा वर्षांचा जुना, तो टोपी हातात घेऊन उभा राहायचा.

फाल्गुनात हरभरा निघाला आणि सालदारानं काकांना सांगितलं, "पाडव्यापासून मी राहत नाई, मालक." काका गप्प झाले. व्हीपी मात्र खुलला. कोणी सोडून जात असेल तर त्याची मुलाखत घ्यायची असते, हे घरात त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्यानं सालदाराला ओट्यावर खुर्ची दिली. सालदार खुर्चीशेजारी खाली बसला.

"एकूण अनुभव कसा होता?"

"चांगला होता."

"काही त्रास?"

"काई नाई."

"काही सुचवायचं आहे?"

"नाई बा."

पुण्यातही लोक हेच सांगत. व्हीपीनं समाधानानं वही मिटली. सालदार उठला, टोपी झटकली आणि जाता जाता म्हणाला, "पहिले मालक वावरात आले का पुसत, 'जेवला का रे?' तुमी आले तवापासून पुसता, 'झालं का?' बाकी काई नाई, भाऊ."

त्या संध्याकाळी रुळांवर आम्ही दोघं गावापासून बरंच पुढे गेलो. व्हीपी एक अक्षर बोलला नाही. आणि पहिल्यांदाच मागून चालला.

त्यानंतर टपरीवर पत्राचं वाचन झालेलं नाही. पाडव्याला आठ दिवस आहेत. सालदार राहतो की जातो, ते काकांनाही ठाऊक नाही. काल सकाळी सातला मी गोठ्यावरून जात होतो. व्हीपी घसा खाकरून, जरा अवघडून सालदाराला विचारत होता, "जेवला का रे?"

सालदारानं सूर्याकडे पाहिलं. मग व्हीपीकडे.

"इतक्या सकायी कोन जेवते, भाऊ?" तो म्हणाला. "पन पुसत जा."