हे कशाचे?

‘पाहिजे : अकाउंटंट. टॅली, जीएसटी, टीडीएस येणे आवश्यक. फ्रेशर चालेल. किमान दोन वर्षांचा अनुभव.’ या चार वाक्यांतली विसंगती जाहिरात वाचणाऱ्याला दिसते, देणाऱ्याला दिसत नाही. देणाऱ्याचा हिशोब चोख असतो : पगार फ्रेशरचा, काम अनुभवी माणसाचं. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत बिजागऱ्या, कड्या, स्क्रू विकणारी जी घाऊक दुकानं आहेत, त्यांतल्या एखाद्या पोटमाळ्यावर अशी एक खुर्ची दरवर्षी रिकामी होते. आधीचा माणूस दोन हजार जास्तीच्या नोकरीवर गेलेला असतो आणि जाताना पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून गेलेला असतो.

त्या खुर्चीवर एकवीस-बावीस वर्षांची, नुकती बी.कॉम. झालेली मुलगी येऊन बसते. हमालापासून शेठपर्यंत सगळे तिला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणतात. पगारवाढीपेक्षा हे स्वस्त पडतं.

मॅडमना अकरावी-बारावीचं ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ पाठ असतं. येईल ते नावे, जाईल ते जमा. घेणारा नावे, देणारा जमा. पहिला दणका बँकेच्या स्टेटमेंटवर बसतो. दुकानाने बँकेत पैसे भरले, म्हणजे आपल्या वहीत बँक नावे पडली. स्टेटमेंटवर मात्र तीच रक्कम ढळढळीत जमेला दिसते. मॅडम अर्धा तास घाम पुसतात. मग लक्षात येतं की बँक तिचा स्वतःचा हिशोब लिहिते, आपला नव्हे. तिच्या दृष्टीने आपण देणेकरी नसून तिच्या डोक्यावरचं देणं आहोत. घरकर्जाचे हप्ते भरणाऱ्या कोणालाही हे ऐकून बरं वाटेल.

दुसरा दणका जास्त खोल असतो. धंदा वेगळा आणि धंद्याचा मालक वेगळा, हे पुस्तकातलं पहिलंच तत्त्व. परीक्षेत त्याला दोन मार्क असतात आणि कोणीही ते घालवत नाही. बोहरी आळीत आल्यावर कळतं की हे तत्त्व जगात सगळ्यांना मान्य आहे, फक्त शेठना नाही. शेठ सकाळी गल्ल्यातून पाचशे घेतात, दुपारी खिशातून टेम्पोवाल्याला आठशे देतात आणि संध्याकाळी ‘झालं बरोबर’ म्हणून घरी जातात. मुलाच्या क्लासची फी दुकानाच्या खात्यातून जाते, दुकानाचं वीजबिल शेठाणींच्या फोनवरून भरलं जातं. मग एके दिवशी फ्रिजचं बिल पोटमाळ्यावर येतं. किंमत बत्तीस हजार आणि बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर.

“हे कशाचे?” मॅडम विचारतात.

“ऑफिसचे,” शेठ म्हणतात आणि गिऱ्हाईक आल्यासारखे खाली उतरतात.

मॅडम नव्या असतात. त्या फ्रिज ऑफिसच्या मालमत्तेत धरतात आणि त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिटही घेतात. ऑफिसात माठ आहे आणि त्यावर उपडा स्टीलचा पेला आहे, हे त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. पण माठ विचारात घ्यायचा असतो, असं कुठल्याच प्रकरणात शिकवलेलं नसतं.

‘हे कशाचे?’ हाच मॅडमचा खरा धंदा. बेरीज-वजाबाकीचं ओझं टॅलीने कधीच उतरवलं आहे. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंकांना आपल्या धंद्याचा हिशोब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने ते लिहायला घेतलं. हे साल 1986. आता भारतातल्या पोटमाळ्यांवर F5 दाबलं की पेमेंट आणि F6 दाबलं की रिसीट, हे ज्ञान पाढ्यांच्या आधी येतं. नावे आणि जमा या बाजू जुळल्याशिवाय टॅली व्हाउचर स्वीकारतच नाही. त्यामुळे तेरीज कायम जुळलेली. पूर्वी तेरीज जुळली की पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती. आता सगळं चुकलेलं असूनही ती शांतपणे जुळते. एकाच व्यापाऱ्याची तीन खाती निघालेली असतात : एकात ‘ट्रेडर्स’, दुसऱ्यात ‘ट्रेडर’ आणि तिसऱ्यात पूर्णविराम. एकात त्याच्याकडून येणं, दुसऱ्यात त्याला देणं, आणि तो बिचारा फोनवर सांगत असतो की आपलं काही बाकी नाही.

या सगळ्यावर उतारा म्हणून दुकानात दिवाणजी असतात. वय सत्तरीच्या आसपास, बसायला गादी गेली आणि खुर्ची आली, पण बसणं मांडी घालूनच. मॅडम त्यांना काका म्हणतात. काकांनी कीर्द-खतावणी हाताने लिहिली आहे, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत. दिवाळी ते दिवाळी वर्ष धरण्याची मुभाही त्यांनी पाहिली आहे. 1989 पासून आयकराने सगळ्यांना 31 मार्चच्या दावणीला बांधलं, याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. कॉम्प्युटरला ते ‘ती पेटी’ म्हणतात.

एका संध्याकाळी मॅडम गल्ला मोजतात, तर टॅलीत दाखवते त्याहून 540 रुपये जास्त. पुन्हा मोजतात, तरी जास्तच. शेठ खुश. “जास्त आहेत ना? मग शोधताय कशाला?” पोटमाळ्याच्या कोपऱ्यातून काकांचा आवाज येतो, “कमी पडले तर चोरी एका माणसाची. जास्त निघाले तर चूक कोणाचीही.” मग ते विचारतात, “नऊने भाग जातो?”

मॅडम कॅल्क्युलेटर उचलतात. 540 भागिले 9 म्हणजे 60. जातो.

“मग आकडे उलटे पडलेत. हमालीची व्हाउचरं काढ.”

लोखंडी तारेला टोचलेले कागद एकेक करून निघतात. त्यांत एक चिठ्ठी, चहाचा गोल डाग पडलेली, हमाली 280 रुपये. टॅलीत 820. शेजारशेजारचे दोन आकडे उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो. 82 वजा 28 बरोबर 54, शून्य जोडलं की 540. यात जादू काही नाही, दशमान पद्धतीचा तो गुणच आहे. पण टॅलीला तो पकडता येत नाही, कारण तिने 820 नावे आणि 820 जमा असे दोन्हीकडे इमानाने लिहिलेले असतात. काका आणखी एक खूण सांगतात : वहीची तेरीज जुळत नसेल, तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, ती चुकीच्या बाजूला जाऊन बसलेली असते. व्हेनिसमध्ये 1494 साली लुका पाचोली या साधूने दुनोंदी पद्धतीवर जे लिहिलं, ते छापील पुस्तकांतलं पहिलं मानतात. काकांनी पाचोलीचं नावही ऐकलेलं नाही. पण त्या साधूने व्यापाऱ्याला तीन वह्या सांगितल्या होत्या – आधी कच्ची, मग रोजकीर्द, मग खतावणी – आणि काकांची कच्ची वही अजून उशीखाली असते.

मॅडमना वाटलेलं असतं की महिन्याच्या शेवटी काम संपतं. महिन्याला शेवट नसतो. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला विक्रीचा जीएसटीआर-1, 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला जीएसटीआर-3बी. त्यातच 14 तारखेला जीएसटीआर-2बी नावाचं पत्रक उगवतं आणि कोणत्या पुरवठादाराने आपलं बिल दाखवलेलंच नाही ते सांगतं. त्याने दाखवलं नाही तर क्रेडिट आपलं अडकतं. म्हणून मॅडम त्याला फोन लावतात. तिकडचीही एक मॅडमच फोन उचलते. “सर बाहेर गेलेत.” दोन्ही मॅडमना सर कुठे गेलेत ते नेमकं माहीत असतं. महाराष्ट्रातला निम्मा जीएसटी या दोन मॅडमच्या मैत्रीवर वसूल होत असावा.

फेब्रुवारीत वेगळीच वर्दळ. हमाल, ड्रायव्हर, सेल्समन असे सगळे पोटमाळ्यावर येतात : “मॅडम, या महिन्यात शंभर जास्त का कापले?” व्यवसाय कर महिन्याला 200, पण राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने त्याला वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशेप्रमाणे 2,200 होतात आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीच्या डोक्यावर येतात. आधीच अठ्ठावीस दिवसांचा महिना, त्याच्याच माथी जास्तीची कपात. मॅडमना स्वतःला हा कर लागत नाही, कारण महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना 2023 पासून तो माफ आहे. ही सवलत आपल्याला लागू आहे याचा आनंद मानावा की लागू राहते आहे याचं दुःख, हे मॅडमना ठरवता येत नाही.

रोखीचा विषय निघाला की शेठ स्वतःच कायदेपंडित होतात. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले, तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, एवढं एकच कलम त्यांना तोंडपाठ. त्यामुळे सुतार, रंगारी, गवंडी या सगळ्यांची बिलं आश्चर्यकारकरीत्या 9,900 ची येतात. आणि नऊ हजार नऊशेचा हा माणूस व्हाउचरवर सही करताना नेहमी घाईत असतो. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लागतं, ते मॅडमच्या पर्समध्ये असतं, बिंदीच्या पाकिटाशेजारी.

मग येतं ऑडिट. सीएच्या ऑफिसातून आर्टिकलशिपचा एक मुलगा येतो. मॅडमहून वर्ष-दीड वर्षाने लहान, चेहऱ्यावर झोप, हातात हिरवं पेन. तोही एकच प्रश्न शिकून आलेला असतो. “मॅडम, हे कशाचे?” हिरव्या टिकांची रांग मालमत्तेच्या यादीपाशी थांबते. “फ्रिज, बत्तीस हजार. बघू या जरा. प्रत्यक्ष पडताळणी करायची आहे.”

मॅडम माठाकडे बघतात. काका मॅडमकडे बघतात. शेठना वर बोलावलं जातं.

शेठ गांगरत नाहीत. आयुष्यभर त्यांनी माल एका गोडाऊनमधून दुसऱ्यात हलवलेला असतो. ते सरळ घरी फोन लावतात. “ऐक, फ्रिज दोन तासांसाठी दुकानात पाठव. टेम्पो येतोय.” पलीकडून शेठाणींचा आवाज स्पीकर नसतानाही पोटमाळाभर ऐकू येतो. आत दुधाची पातेली आहेत, इडलीचं पीठ आहे, संध्याकाळी पाहुणे आहेत आणि फ्रिज हलवला की तो चार तास उभाच ठेवावा लागतो हे कंपनीच्या माणसाने सांगितलं आहे.

शेठ फोन ठेवतात. “उचल दाखवा माझ्या नावावर,” ते म्हणतात, “पण बिलातला जीएसटी तेवढा राहू द्या.”

“तोही परत करावा लागेल,” आर्टिकलचा मुलगा म्हणतो, “आणि वापरला असेल तर त्यावर 18 टक्के व्याज.”

“माझ्याच घरातल्या फ्रिजवर मी व्याज द्यायचं?”

मॅडम तोपर्यंत F7 दाबून जर्नल व्हाउचर उघडून बसलेल्या असतात. खालच्या तपशिलाच्या ओळीत त्या विचार करून टाइप करतात : ‘फ्रिज, शेठच्या घरी. विरजण, पीठ व पाहुणे यांमुळे हलवता आला नाही.’