चपलांच्या कपाटावरचा बुद्ध

थायलंडच्या उत्तरेला चियांग माई नावाचे शहर आहे. या नावाचा सरळ अर्थ ‘नवे शहर’. मेंगराय राजाने ते १२९६ साली वसवले, कारण त्याची आधीची राजधानी सारखी पुरात जायची. जागा नक्की करण्यापूर्वी त्याने आजूबाजूच्या दोन राजांना सल्ल्याला बोलावले. त्या तिघांचे पुतळे आजही शहराच्या मध्यभागी सल्लामसलत करत उभे आहेत. नवी मुंबईकराला यात परके वाटावे असे काही नाही. आपलेही शहर नवे, तेही जुन्या शहराला भार सोसेना म्हणून खाडीपलीकडे काढलेले, आणि त्याची कल्पना मांडणारेही तिघेच: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. (पुतळे तेवढे राहिले.) नकाशा उघडला तर दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नेरूळहून नाकासमोर पूर्वेला निघाले आणि पावणेतीन हजार किलोमीटर कुठेही वळले नाही, तर माणूस थेट चियांग माईच्या खंदकात पडेल. फरक इतकाच की त्यांच्या नव्या शहराला सातशे वर्षे मिळाली आणि त्यांनी शहरात व आसपास तीनशेच्या घरात बौद्ध मंदिरे बांधली. आपल्याला १९७० पासूनचीच मिळाली आणि आपण मॉल बांधले. तेव्हा मॉलवाल्या नव्या शहराने मंदिरवाल्या नव्या शहराला भेटायला जावे हे ओघानेच आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवली आणि उरलासुरला संकोचही गेला.

जाणाऱ्यांत अलीकडे एक वेगळी जात तयार झाली आहे. ‘आम्ही टूरबरोबर जात नाही, आम्ही स्वतंत्र जातो’ हे तिचे ब्रीद. टूरवाले म्हणजे झेंडी धरलेला मॅनेजर, बसमध्ये अंताक्षरी, सहाच्या ठोक्याला चहा आणि परमुलखात रात्री नऊ वाजता पिठलं-भात. स्वतंत्र प्रवाशाला हे सगळे हास्यास्पद वाटते. वाटू दे. पण त्याचे स्वातंत्र्य कशाचे बनले आहे हेही एकदा तपासायला हवे. सकाळी वाट (म्हणजे मंदिर) फ्रा सिंग, दुपारी १५४५ च्या भूकंपात शिखर ढासळलेला वाट चेदी लुआंग, रविवार असेल तर संध्याकाळी रस्त्यावरचा बाजार, दुसऱ्या दिवशी दोई सुथेपचा डोंगर, मधल्या वेळेत खाओ सोई नावाची रस्सेदार शेवई. हा कार्यक्रम त्याने स्वतःच्या बुद्धीने आखला असे तो सांगतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या माणसानेही तो स्वतःच्याच बुद्धीने आखलेला असतो, म्हणून तर तिघे एकाच वेळी एकाच पायरीवर एकाच कोनातून फोटो काढतात. झेंडी गेली, तिच्या जागी मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका आला. झेंडीवाला मॅनेजर निदान ‘मागे कोण राहिलं?’ म्हणून विचारायचा.

बुद्धाच्या शोधात एकट्याने निघणे काय असते याचा नमुना पाहायचा तर ह्युएन त्संगकडे पाहावे. सातव्या शतकात बादशहाने देशाबाहेर जायला बंदी केलेली असताना हा भिक्खू चोरून चीनमधून निघाला, वाळवंट आणि बर्फ तुडवत भारतात आला, ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे पोहोचला. इथले लोक साधे, मानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड उगवणारे आहेत असे त्याने लिहून ठेवले. परत जाताना त्याच्याकडे ६५७ ग्रंथ होते. आपला प्रवासी परत येतो तेव्हा त्याच्याकडे सुकवलेला आंबा, हिरव्या बामच्या डझनभर बाटल्या आणि एक बुद्ध असतो.

या बुद्धाकडे जरा जवळून पाहू. फ्लॅटचे दार उघडताच डाव्या हाताला तो भेटतो. फायबरचा, सोनेरी, पुष्कळदा नुसतेच शिर. मिटलेले डोळे. समोर काचेच्या वाडग्यात पाणी, पाण्यावर तीन प्लास्टिकची कमळे, वर एक पिवळा स्पॉटलाइट. ज्यावर तो विराजमान आहे ते चपलांचे कपाट. खालच्या कप्प्यात पळायचे बूट, पावसाळी सँडल आणि कुणाच्या तरी लग्नात एकदाच घातलेली मोजडी. थायलंडमध्ये डोके पवित्र आणि पाय अपवित्र मानतात, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसलेही चालत नाही. बुद्ध ही सजावटीची वस्तू नव्हे असे मोठमोठे फलक त्या देशात पर्यटकांसाठीच लावलेले आहेत. मूर्ती देशाबाहेर न्यायची तर तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. म्हणून हुशार मंडळी बुद्ध परत आल्यावर वाशीत घेतात. पाहुण्यांना मात्र तो चियांग माईचाच सांगायचा असतो, कारण वाशीचा बुद्ध म्हटले की चर्चा भलतीकडे वळते. ती कुठे वळते हाच या सदराचा विषय आहे.

माझे म्हणणे असे की आपल्या स्वतंत्र प्रवाशाला बुद्ध हवा आहे, पण शेजारीपाजारी नसलेला. त्याच्या घरापासून लोकलच्या अंतरावर बुद्धाची इतकी ठिकाणे आहेत की पावणेतीन हजार किलोमीटरचा हिशेब लागत नाही. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, म्हणजे ते कोरलेले शहरच. लेण्यांच्या दारात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, ज्यांना तिथले शिलालेख ‘पोढी’ म्हणतात. देणगीदारांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी, म्हणजे आजच्या भाषेत मध्य आणि पश्चिम रेल्वेचे प्रवासी. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. कर्जतजवळ कोंडाणे, मळवलीच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याच्या चैत्याच्या छतातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि त्याच चैत्याच्या दारात एकवीरा बसली आहे. नवी मुंबई ज्यांच्या जमिनींवर उभी राहिली ते आगरी-कोळी वर्षानुवर्षे तिच्या पालख्या घेऊन तो डोंगर चढतात, आणि त्यांना कुणी ‘सोलो ट्रॅव्हलर’ म्हणत नाही. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी लिपीत कोरलेली नावे आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ साली तिथे येऊन गेलेल्या जरथुश्त्री पाहुण्यांनी तारखेसकट हजेरी लावली आहे. भिंतीवर नाव कोरणे वाईटच. पण हजार वर्षांपूर्वी परधर्मीय माणूस मुद्दाम वाट वाकडी करून जिथे येत होता, तिथे बेलापूरचा माणूस आयुष्यात एकदा, तोही शाळेच्या सहलीत, डबा खायला जातो.

यावर तयार उत्तर असते: लेणी मेलेली आहेत, आम्हाला जिवंत धर्म पाहायचा आहे. पहाटे भिक्षेला निघालेले भिक्खू, उदबत्तीचा धूर, पालीतले पठण. ही हरकत वजनदार आहे आणि म्हणूनच ती प्रवाशाच्या अंगाशी येते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ८४ लाखांहून अधिक बौद्ध, त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे दर चार भारतीय बौद्धांतले तीन आपल्या राज्यातले. नवी मुंबईत बुद्धविहार शोधायला निळा ठिपका लागत नाही, निळा झेंडा पुरतो. वैशाख पौर्णिमेला चियांग माईचे लोक रात्रभर दोई सुथेपचा डोंगर पायी चढतात, आणि त्याच सणाला घणसोली, तुर्भे, कोपरखैरणेच्या विहारांत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका रांगेने बसून त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. भाषा तीच, पाली. तिकडे ती थाई उच्चारात येते आणि आपल्या प्रवाशाच्या अंगावर रोमांच उभे राहतात. इकडे ती मराठी उच्चारात, स्पीकरवरून येते, आणि तोच प्रवासी खिडकी लावून घेतो. ‘वाट’ हा थाई शब्दसुद्धा पाली-संस्कृतातला ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपला ‘वाडा’ त्याच कुळातला. दोई सुथेपमधला सुथेप म्हणजे वासुदेव ऋषी. इतके घरचे नाते असताना पर्यटनाचा आनंद टिकवायचा तर नाते विसरावेच लागते.

जरा खोदून विचारले की खरी हरकत बाहेर येते. ‘तसं नाही, पण इकडे सगळं राजकीय झालंय ना.’ म्हणजे थायलंडमधला बौद्ध धर्म राजकारणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही असा समज. थायलंडच्या राज्यघटनेप्रमाणे राजा बौद्धच असावा लागतो. तिथल्या ध्वजातला पांढरा पट्टा धर्माचा. संघाचा प्रमुख राजा नेमतो. आणि ज्या डोंगरावर आपला प्रवासी लाल सोंगथेवमधून जातो (सोंगथेव म्हणजे दोन समोरासमोरची बाकडी टाकलेली गाडी. आपल्याकडे तिला टमटम म्हणतात आणि नाक मुरडतात), तो डोंगरावरचा रस्ता ख्रुबा श्रीविचाय या भिक्खूने १९३४-३५ मध्ये हजारो लोकांच्या श्रमदानातून काही महिन्यांत बांधून काढला. हा भिक्खू बँकॉकच्या संघसत्तेला जुमानत नव्हता, म्हणून त्याला पुनःपुन्हा चौकशीला बोलावले, अडकवून ठेवले. रस्त्याच्या पायथ्याशी त्याचा पुतळा आहे, लोक त्याला फुले वाहतात, आपला प्रवासीही वाहतो. आपल्या माणसांना हाताशी धरून वरच्यांना न विचारता वाट काढणारा महापुरुष, पायथ्याशी पुतळा, पुतळ्याला हार. हे चित्र नवी मुंबईकराने दर १४ एप्रिलला घराखाली पाहिलेले असते. तेव्हा त्याला त्यात संस्कृती दिसत नाही, वाहतूक कोंडी दिसते.

खरे तर ज्या माणसाच्या जयंतीमुळे ही कोंडी होते त्याच्याइतका मनापासून बौद्ध नगरांचा प्रवास त्या काळात फार थोड्या मराठी माणसांनी केला असेल. डॉ. आंबेडकर १९५० मध्ये श्रीलंकेला गेले, १९५४ मध्ये रंगूनला, १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला. तब्येत ढासळत चाललेली. जाऊन त्यांनी पाहिले ते हे की धर्म रोजच्या जगण्यात कसा चालतो आणि आपल्याकडे आणायचा तर त्यातले काय घ्यायचे, काय टाकायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणीही मूळचे ब्रह्मदेशाचे. आयात त्यांनीही केली, पण ती चपलांच्या कपाटावर ठेवता येण्याजोगी नव्हती.

‘मग काय, फिरायला जाण्यापूर्वी जातीय जाणिवेची परीक्षा द्यायची का?’ असे कुणी विचारील. नाही. फिरायला जावे, खाओ सोई खावी, खंदकाकाठी सायकल चालवावी. गोव्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून गेलो असे सांगणारा प्रामाणिक माणूस या सदराच्या तडाख्यात मुळीच येत नाही. तिथे स्वच्छतागृहे आहेत, पाट्या आहेत, रात्री एकटी बाई निर्धास्त फिरू शकते, आणि आपल्या लेण्यांपाशी यातले फारसे काही नाही, हेही खरे. पण सगळी सोय करून ठेवलेल्या ठिकाणी जाऊन यायचे आणि परत आल्यावर ‘बुद्धिझम अनुभवला’ असे जाहीर करायचे, इथे मात्र पावती मागावीशी वाटते.

आता तर जाणे आणखी सोपे होणार. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदीची वाट वळवली, गावे उठवली. त्याच परिसरात वाघिवली वाड्याची केरूमाता होती. गावकरी तिला माता म्हणून पुजत होते, आणि ही प्राचीन बौद्ध लेणी आहेत, ती वाचवा, असे म्हणत बौद्ध संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या आंदोलनात आपला स्वतंत्र प्रवासी कुठे दिसल्याचे ऐकिवात नाही. त्याला तेव्हा एकच प्रश्न पडला होता: इथून थायलंडची थेट विमाने कधी सुरू होणार?

वाट चेदी लुआंगच्या आवारात झाडाखाली टेबले मांडून तरुण भिक्खू पर्यटकांशी गप्पा मारायला बसतात. इंग्रजीचा सराव हा त्यांचा हेतू आणि अध्यात्म हा पर्यटकांचा. समजा, आपला नेरूळकर तिथे जाऊन बसला. कुठून आलात, भारतातून, अरे वा, बुद्धाच्या देशातून, एवढे झाल्यावर भिक्खू पुढचा साधा प्रश्न विचारणार: घराजवळ एखादे वाट आहे का? नेरूळकर क्षणभर अडखळेल. सेक्टरच्या टोकाला निळ्या-पांढऱ्या रंगाचे काहीतरी आहे, पण आत काय आहे ते त्याने कधी पाहिलेले नाही. मग त्याला एकदम आठवेल आणि तो उत्साहाने मोबाइल पुढे करील. वाट नाही, पण घरातच बुद्ध आहे, हा पाहा. शिकाऊ भिक्खू हसून फोटो बघेल, मिटलेले डोळे, कमळे, पिवळा उजेड. मग दोन बोटांनी फोटो मोठा करील आणि हळूहळू खाली सरकवत, मोजडीपाशी थांबेल.